ग्रंथालयातल्या ताईंना, उघडं पत्र

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहिते आहे. गेल्या पावसाळ्यात डिचोलीहून बसने भिजत आलेल्या आम्ही दोघी मायलेकी. पणजीच्या ग्रंथालयात तुम्ही आमच्यासाठी दीड तास मोडला होतात.

त्याआधीचे चार महिने आम्ही नुसती वणवण केली होती. एका नावाजलेल्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाकडे धरला आणि आईकडे न बघता मला सांगितलं, "गुडघे झिजलेत, चालणं बंद करा." जिममधल्या मुलाने पावडरचा डबा गळ्यात मारला. "रिसर्चने सिद्ध झालंय" म्हणाला, आणि कुठला रिसर्च ते विचारल्यावर त्याच कंपनीची जाहिरात मोबाइलवर दाखवली. नातेवाइकांनी रोज दहा हजार पावलांचा धोशा लावला. इकडे आईला आदोळीवर बसून नारळ खवता येईना, सोप्याच्या पायऱ्या ती भिंत धरून उतरायची. आणि ही सगळी माणसं तिच्यादेखत, ती तिथे नसल्यासारखी, माझ्याशी बोलत होती. त्याचा राग अजून गेलेला नाही.

"व्यायामाबद्दल खात्रीचं काही वाचायला मिळेल का?" एवढंच मी विचारलं. तुम्ही संगणकावर कॉक्रेनचा, म्हणजे उपचारांवरचे प्रयोग एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेचा, आढावा उघडलात. मग मॉनिटर दोन्ही हातांनी धरून आईकडे फिरवलात. वायर पुरेना, तर टेबलामागे वाकून ती सोडवलीत. अक्षरं मोठी केलीत आणि म्हणालात, "मावशी, गुडघा तुमचा, तुम्ही बघा." आईला इंग्रजी येत नाही हे कळल्यावर एकेक ओळ मराठीत सांगत गेलात. आईने पदर सावरला, खुर्ची पुढे ओढली आणि पहिल्यांदाच स्वतः प्रश्न विचारला, "म्हणजे चाललं तर चालेल?"

गुडघ्याच्या संधिवातात व्यायामाने काय फरक पडतो, याचे ५४ प्रयोग २०१५ च्या त्या आढाव्यात एकत्र तपासले होते. वेदना कमी होते, हालचाल सुधारते. मी हरखले, प्रिंट काढायला उठलेच. तेव्हा तुम्ही म्हणालात, "थांब बाय, याची नवी आवृत्ती आली आहे." ती २०२४ ची, १३९ प्रयोगांची. तिच्यात फायदा होता, पण थोडा, आणि रोजच्या जगण्यात तो कितपत जाणवेल याची खात्री नव्हती. आमचे चेहरे उतरलेले तुम्हाला दिसत होते, तरी तुम्ही एक शब्दही गोड केला नाहीत. माझा विश्वास बसला तो तिथे. ज्याला काही विकायचं असतं, तो हे दुसरं पान उघडत नाही.

दहा हजारांचं ओझंही तुम्हीच उतरवलंत. तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजण्याच्या यंत्राच्या नावातून आला, हे ऐकून आई खुदकन हसली. मग अमेरिकेतल्या १६,७४१ स्त्रियांचा २०१९ चा अभ्यास, सरासरी वय ७२, म्हणजे आईच्याच बरोबरीच्या बायका. रोज २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण कमी दिसलं, आणि ७,५०० च्या पुढे फारसा फरक उरला नाही. लगेच बजावलंत, "ही पाहणी आहे, प्रयोग नव्हे. ज्यांची तब्येत मुळात चांगली, त्याच जास्त चालत असतील." जाताना चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून दिलंत: कोणावर केलं, किती जणांवर, तुलना कशाशी, पैसे कोणाचे. आता घरात कुणी काही "सिद्ध झालंय" म्हटलं की आई तीच चिठ्ठी काढते.

ज्याची गोष्ट त्याच्या पुढ्यात ठेवावी, इतकी साधी माणुसकी. बँकेच्या, पोस्टाच्या, दवाखान्याच्या किती खिडक्यांशी म्हाताऱ्या माणसांना तीही मिळत नाही! तुम्हाला ती न सांगता सुचली.

आई रोज सकाळी सोप्यावर खुर्ची मांडून दहा वेळा उठते-बसते, मग देवळापर्यंत चालून येते. गुडघा अजून दुखतो, पण पायऱ्या उतरताना भिंतीला हात लागत नाही. चवथीच्या नेवऱ्यांचं पुरण ती स्वतः करणार म्हणते आहे. त्या दिवसांत डिचोलीला या. आईने तुमच्यासाठी डबा वेगळा काढून ठेवायचं ठरवलं आहे.

आपली कृतज्ञ,
मावशींची मुलगी