गाडी पोहत आली म्हणालीस

चिपळूण, सोमवार रात्र

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

तू निघालीस तेव्हा फणसपोळीचा डबा ओट्यावरच राहिला. तेव्हापासून तुझी आई माझ्याशी बोलत नाही, डब्याशी बोलते. पोचल्याचा मेसेज तिला आला, मला नाही. बरोबरच आहे. भरल्या ताटावर एवढं ओरडायला नको होतं, तेही चिऊसमोर. चुकलं माझं. तू गिअर काढून, न्यूट्रलला घाट उतरलीस, तो विषय या पत्रात काढायचा नाही, असं ठरवून बसलोय.

गाडी छान आहे. एकटीच्या पगारावर कर्ज उचललंस, हे मी नाक्यावर तिघांना तरी सांगितलं. फक्त सेकंडहँड आहे, तर ब्रेक ऑइल आधी बदलून घे. ते हवेतलं पाणी धरतं. पाणी धरलेलं ऑइल तापलं की त्यात वाफ होते आणि पायाखाली ती वाफच दाबली जाते. पॅडल खाली जातं, गाडी जातच राहते. घाटभर ब्रेकवर पाय ठेवला तर ही वेळ यायला उशीर लागत नाही. आणि घाटभर ब्रेकवर पाय कधी ठेवावा लागतो, तर गाडी

बघ, आलाच विषय.

“अण्णा, मला माहितीये सगळं, मी मेकॅनिकल केलंय,” असं तू म्हणालीस. माहीत आहेच. वजन, उतार, वेग, उष्णता सगळं तू कागदावर मांडशील आणि उत्तर बरोबर येईल. मी सातवी पास. पण कुंभार्ली घाटाच्या वळणावर तुझा तो कागद कुठे होता? कळतं पण वळत नाही म्हणतात, ते निराळं. हे त्याच्या अलीकडचं. माहीत असतं, म्हणून कळलंय असं वाटतं, आणि कळलेलं नसतंच.

हे लेक्चर झालं. माफ कर. माझी गत काय वेगळी आहे ते सांगतो.

रविवारी तू येऊन हातपाय धूत होतीस तेव्हा चिऊने मला अंगणात विचारलं, “आजोबा, ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंजिन गाडीला मागे कसं ओढतं?” 31 वर्षं ट्रक चालवला. किती क्लीनरांकडून घोकून घेतलं, की ज्या गिअरला चढवली त्याच गिअरला उतरव. आणि पोरीला उत्तर देता येईना. “ओढतं गं, इंजिन ते,” असं काहीतरी पुटपुटलो. पायाला ठाऊक होतं, तोंडाला नव्हतं.

आज सकाळी बहादूरशेख नाक्याकडे गेलो. मिस्त्री इंजिन खोलून बसला होता. म्हणाला, पेट्रोल गाडीत पाय काढला की हवेची वाट जवळजवळ मिटते. चाकं गिअरमधून इंजिनला फिरवतच असतात, पिस्टन त्या मिटल्या वाटेतून हवा ओढायला बघतो आणि त्याला दम लागतो. तो दम म्हणजे तुमचा ब्रेक. तोंड-नाक दाबून श्वास घेऊन बघा, म्हणाला. मी तिथेच घेऊन बघितला. सगळे हसले. चिऊला एवढं नक्की सांग.

आणखी एक म्हणाला. हल्लीच्या इंजेक्टरच्या गाडीत गिअर ठेवून पाय काढला तर पेट्रोल बंदच होतं, इंजिन चाकांच्या जोरावर फिरतं. न्यूट्रलला मात्र त्याला चालू राहायला पेट्रोल लागतंच. मग तू वाचवलंस काय गं?

नवले पुलावरचं आठवतं? 2022 चा नोव्हेंबर. कात्रजच्या बोगद्याकडून उतरणाऱ्या ट्रकने कितीतरी गाड्या ठोकल्या. आधी ब्रेक फेल म्हणाले, मग पेपरात आलं की उतारावर इंजिन बंद केलं होतं. तू फोनवर त्या ड्रायव्हरला अडाणी म्हणालीस. मी गप्प बसलो होतो.

1996 चा जुलै. कराडहून 9 टन साखर भरून कुंभार्ली उतरत होतो. पाऊस, रात्र, आणि डिझेलचे चार पैसे खिशात पडावेत म्हणून गाडी न्यूट्रलला. सगळा भार ब्रेकच्या लायनरवर. आधी जळका वास आला. मग ब्रेक मारावा तर पकड नाही, म्हणून पुन्हा मारला, पुन्हा मारला. ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर, प्रत्येक वेळी हवा कमी. इंजिन नुसतं फुरफुरत होतं, हवेची टाकी परत भरणार कशी? काटा खाली आलेला दिसत होता. गिअर टाकायला गेलो, नुसता करकरला, पडेना. शेवटी डोंगराकडच्या गटारात घातली आणि दरडीला घासत थांबवली. क्लीनर दगड घेऊन उतरला तर त्याच्या हातातून दगड सुटत होता. तुझ्या आईला ‘गटारात चाक गेलं’ एवढंच सांगितलं. आजही तिला तेवढंच माहीत आहे, तू सांगू नकोस.

गिअरचा तो मंत्र मला तेव्हाही पाठ होता, मनू. त्याच दिवशी कराडात एका नव्या पोराला शिकवून निघालो होतो.

आता खरं लिहितो. तू ताटावर म्हणालीस, “अण्णा, आख्खा घाट गाडी नुसती पोहत आली.” तो शब्द ऐकला आणि माझा तोल गेला. तू दुसरीत असताना सुट्टीत केबिनमध्ये बसून यायचीस. पाटणच्या पुढे हलका उतार लागला की मी न्यूट्रल टाकायचो, इंजिनाचा आवाज बसायचा, आणि तू टाळ्या पिटायचीस, “अण्णा, गाडी पोहायला लागली!” तू खूश व्हायचीस म्हणून कधीकधी मुद्दाम टाकायचो. वर सांगायचो, डिझेल वाचतं बघ. मी तुझ्यावर ओरडलो ते हे.

ब्रेक ऑइलचं विसरू नकोस. जावईबापूंना नमस्कार सांग, पण यातलं काही त्यांना वाचून दाखवू नकोस. डबा उद्या एसटीने पाठवतो. पोळी मऊ पडली असेल तर पंख्याखाली ठेव.

गणपतीला येताना घाट ओला असेल. हेळवाकला चहाला थांब, ब्रेक निवू देत, आणि फोन कर. मी पहिल्या एसटीने वर येऊन तुझ्या शेजारी बसणार होतो. पण शेजारी बसलो की मी बोलणार. त्यापेक्षा खाली पोफळीलाच उभा राहतो.

तुझा,
अण्णा