जवान कोणाच्या बाजूचा?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

निवडणुकीच्या बंदोबस्ताला येणारे केंद्रीय दलांचे जवान दिल्लीत ज्यांची सत्ता त्यांच्याच मनाचे असतात, त्यांना मतदान केंद्राच्या दाराशी उभे करू नये, असे ठाण्याच्या एका वाचकाचे पत्र आपल्या सदरात आले होते. दोनच दिवसांनी दुसऱ्या वाचकाचे उत्तर छापून आले, की जवानांच्या निष्ठेवर शंका घेणे हाच देशद्रोह आहे. दोन्ही पत्रे वाचून मला सारखेच वाईट वाटले. एकाने जवानाला विकलेला माणूस ठरवले, दुसऱ्याने दगडाचा देव. बरॅकमध्ये खाटेवर बसून बूट पुसणारा तेवीस वर्षांचा मुलगा दोघांच्याही डोळ्यांपुढे नव्हता.

मी एका केंद्रीय सशस्त्र पोलीस दलातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. मूळचा माण तालुक्यातला, आता मुलाकडे कामोठ्याला असतो. दलाचे नाव लिहीत नाही, कारण जे सांगायचे ते कुठल्या एका दलापुरते नाही. सेवेत असतो तर हे पत्र लिहिता आले नसते. 1966 च्या कायद्याने पोलीस दलांतल्या माणसाला संघटना करता येत नाही आणि परवानगीशिवाय वर्तमानपत्रात तोंड उघडता येत नाही. जानेवारी 2017 मध्ये सीमा सुरक्षा दलाच्या एका जवानाने जळक्या पोळीचा आणि पाणीदार डाळीचा व्हिडिओ टाकला, एप्रिलमध्ये तो बडतर्फ झाला. त्याचे चूक की बरोबर, यावर आम्हा जुन्या लोकांत आजही एकमत नाही. पण जवानांबद्दल सगळे बोलतात आणि जवान बोलू शकत नाही, ही वस्तुस्थिती आहे. म्हणून निवृत्तांनी बोलायला हवे.

आधी आमच्या दलांची घडण समजून घ्या. लष्करात मराठा, शीख, गढवाल अशा पलटणी आहेत. आमच्याकडे तसे नाही. एका सेक्शनमध्ये, म्हणजे सगळ्यांत लहान तुकडीत, बीडचा, मेवातचा, आसामचा, केरळचा अशी पोरे शेजारी शेजारी झोपतात. मला आठवते, सोलापूरकडच्या एका पोराने शेंगदाण्याची चटणी आणली होती आणि त्याच्या शेजारच्या खाटेवरच्या मणिपूरच्या पोराने सुकी मासळी. वासावरून पहिल्या रात्री दोघांची जुंपली, हवालदार मेजरने दोघांनाही फॉल-इनच्या मैदानावर पळवले. पुढे झारखंडमध्ये रस्ता मोकळा करायच्या ड्युटीला, म्हणजे आरओपीला, हेच दोघे जोडीने चालायचे. एकजण जमिनीकडे बघणार, दुसरा झाडीकडे. सुरुंग शोधताना पुढच्याची जात कोणी विचारत नाही.

निष्ठा तिथे तयार होते. आधी शेजारच्या खाटेवरच्या माणसावर, मग सेक्शनवर, मग कंपनीवर, आणि कंपनी कमांडर जर चांगला असेल तर त्याच्यावर. सव्वाशे-दीडशे माणसांची कंपनी हेच जवानाचे गाव. देश, राज्यघटना, झेंडा हे सगळे खरेच असते, मी स्वतः शपथ घेताना रडलो होतो. पण नक्षल्यांच्या गोळीबारात माणूस उठून पुढे जातो तो शेजारचा पडला म्हणून. 6 एप्रिल 2010 ला छत्तीसगडमध्ये ताडमेटलाला नक्षल्यांच्या हल्ल्यात 76 जण गेले, त्यात एक सोडून सारे केंद्रीय राखीव पोलीस दलाचे, म्हणजे सीआरपीएफचे. त्या रात्री आमच्या बरॅकमध्ये कोणत्याही पक्षाचे नाव निघाले नाही. कोण कोणाबरोबर ट्रेनिंगला होता, एवढेच चालले होते.

राजकीय मते असतात का? असतात की. जवान सर्व्हिस व्होटर असतो, टपाली मतपत्रिकेने मत देतो. बंगालचा पोरगा, केरळचा पोरगा, अलाहाबादकडचा पोरगा, तिघांची तीन मते आणि चहाच्या वेळी वादही. या मिसळीमुळेच कंपनी कुठल्या एका पक्षाची होत नाही. ठाण्याच्या पत्रलेखकाने हे पाहिले असते तर त्यांनी पत्र वेगळे लिहिले असते.

पण आता दुसऱ्या पत्रलेखकाला सांगायचे आहे, आणि ते मला जास्त कळकळीने सांगायचे आहे. सगळे आलबेल नाही.

31 जुलै 2023 ची पहाट आठवा. जयपूर-मुंबई एक्स्प्रेसमध्ये रेल्वे सुरक्षा दलाच्या एका शिपायाने आधी आपल्याच वरिष्ठाला, मग वेगवेगळ्या डब्यांत जाऊन तीन मुस्लिम प्रवाशांना गोळ्या घातल्या. मीरा रोडजवळ तो पकडला गेला, त्याच्यावर खुनाचा खटला उभा राहिला. ते दल रेल्वे मंत्रालयाचे, गृह मंत्रालयाखालचे नाही, हे मला ठाऊक आहे. पण हातात सरकारी रायफल आणि अंगावर खाकी होती, आणि आपल्या ठाणे-पालघरच्या रुळांवर हे घडले. त्या सकाळी आमच्या निवृत्तांच्या ग्रुपवर काहीजण लगेच ‘डोके फिरले असेल’ म्हणून मोकळे झाले. मला ते पटले नाही, आजही पटत नाही. डोके फिरले असेलही. पण फिरलेले डोके रायफल घेऊन कोणाला शोधत जाते, हे आपोआप ठरत नाही. ते कुठून तरी आत शिरलेले असते.

पूर्वी बरॅकमध्ये टीव्ही एकच असायचा. बातमी सगळ्यांच्या देखत यायची, त्यावर मेवातचा मुसलमान पोरगा आणि रोहतकचा जाट समोरासमोर बोलायचे, आवाज चढला की हवालदार मध्ये पडायचा. आता प्रत्येक खाटेवर मोबाइल आहे. जिल्ह्याचा ग्रुप, जातीचा ग्रुप, भरतीच्या बॅचचा ग्रुप. रात्री रोल कॉलनंतर पोरगा पांघरुणात तोंड घालून काय बघतो, हे शेजारच्या खाटेलाही कळत नाही. मिश्र कंपनी करून जे आपण पन्नास-साठ वर्षांत कमावले, ते असे आतून झिजते आहे.

हे धोके नवे नाहीत. 1992-93 च्या मुंबई दंगलीनंतर न्या. श्रीकृष्ण आयोगाने पोलिसांच्या मनातला पूर्वग्रह स्पष्ट शब्दांत नोंदवून ठेवला. उत्तर प्रदेशात 1987 च्या हाशिमपुरा हत्याकांडासाठी तिथल्या राज्य सशस्त्र दलाच्या 16 माजी जवानांना दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 मध्ये जन्मठेप दिली. एकतीस वर्षांनी. दंगलींसाठी वेगळे, तटस्थ, सगळ्या देशातून आलेले दल हवे म्हणून ऑक्टोबर 1992 मध्ये सीआरपीएफमध्ये आरएएफ, म्हणजे जलद कृती दल, उभी राहिली. तिची 102 वी बटालियन आपल्या तळोज्याला आहे. निळ्या रंगाच्या चट्ट्यापट्ट्यांचा गणवेश घातलेली ती पोरे मुंब्र्यात किंवा भिवंडीत संचलन करतात तेव्हा दोन्ही वस्त्यांतली माणसे सुटकेचा श्वास टाकतात. हा विश्वास फार महागाचा आहे.

तो टिकतो कसा, हे मी भिवंडीतच पाहिले. गणेश विसर्जनाचा बंदोबस्त होता. वंजारपट्टी नाक्याकडे ढालींची रांग लावली होती. रांगेतला एक नवा पोरगा दातओठ खाऊन समोरच्या वस्तीबद्दल काहीतरी पुटपुटला. मोठ्याने नाही. आमच्या हवालदार मेजरने ऐकले. त्याने त्याला झापले नाही, रिपोर्टही केला नाही. ‘बेटा, पीछे आ, पानी का कॅन संभाल,’ एवढेच म्हणाला आणि त्याच्या जागी दुसरा उभा केला. रात्री कॅम्पवर त्याला शेजारी बसवून तासभर बोलला. कळले ते असे, की गावात त्याच्या बहिणीच्या लग्नाचे मोडले होते, महिनाभर सुट्टीचा अर्ज पडून होता, आणि गावचा कोणी मित्र रोज रात्री त्याला नको ते व्हिडिओ पाठवत होता. सुट्टी मी दुसऱ्या दिवशी कमांडंटसाहेबांकडून मंजूर करून आणली. परत आल्यावर तो पोरगा पुन्हा ढालीमागे उभा राहिला, नीट उभा राहिला.

हवालदार मेजरला हे जमले, कारण तो त्या पोराला ओळखत होता. त्याचा बाप काय करतो, तो केव्हा गप्प होतो, केव्हा चिडतो. आणि नेमके हेच आपण मोडत चाललो आहोत. निवडणुका आल्या की वेगवेगळ्या युनिटांतून माणसे उचलून तात्पुरत्या, म्हणजे अ‍ॅडहॉक कंपन्या बांधतात. एक प्लाटून इथली, एक तिथली, अधिकारी तिसरीकडचा. नफरी, म्हणजे माणसांची संख्या, कागदावर पूर्ण होते, पण कोण कोणाला ओळखत नाही. या मुलांना शाळेच्या वर्गात झोपवून, आठवड्याला तीन जिल्हे फिरवून, संवेदनशील मतदान केंद्रावर उभे करतात. ठाण्याच्या पत्रलेखकाला काळजीच करायची असेल तर या गोष्टीची करावी.

सुट्टीचेही तेच. नियमाने वर्षाला 60 दिवस अर्जित रजा आणि 15 दिवस किरकोळ. 2019 मध्ये गृहमंत्र्यांनी जवानाला वर्षात 100 दिवस कुटुंबासोबत मिळावेत असे जाहीर केले, ऐकून आनंद झाला होता. पण सुट्टी मंजूर होते ती जागेवर बदली माणूस असेल तर. 2020 ते 2024 या पाच वर्षांत या दलांत 730 जवानांनी आत्महत्या केल्या, असे सरकारनेच संसदेत सांगितले. त्याच काळात पंचावन्न हजारांवर माणसे राजीनामा देऊन किंवा स्वेच्छानिवृत्ती घेऊन निघून गेली. आत्महत्यांतल्या बहुतेक सुट्टीवरून परतल्यानंतरच्या. घरी जाऊन आलेला पोरगा घरचे काय घेऊन आला, हे पहिल्या दोन दिवसांत कोणीतरी विचारायला हवे. त्यासाठी विचारणारा ओळखीचा हवा.

आमच्याकडे त्यासाठी सैनिक संमेलन असते. साहेब समोर उभे राहतात आणि विचारतात, ‘कोई तकलीफ?’ सव्वाशे गळे एका सुरात म्हणतात, ‘नो सर!’ माझ्या सेवेतली बहुतेक संमेलने अशीच संपली. ज्या थोड्या कमांडरांनी ते वेगळे चालवले, म्हणजे लंगरमध्ये, जेवणाच्या जागी, पोरांबरोबर जमिनीवर बसून, वही न काढता, त्यांच्या कंपन्यांत भांडणे कमी आणि अर्ज जास्त असायचे. अर्ज जास्त असणे ही चांगली खूण आहे, हे वरच्या कार्यालयांना अजून कळलेले नाही.

तोंड दाबून ठेवले की काय होते, तेही या देशाने पाहिले आहे. 1973 मध्ये उत्तर प्रदेशात पीएसी, म्हणजे तिथले राज्य सशस्त्र दल, बिथरली, लष्कर बोलवावे लागले, मुख्यमंत्र्यांना जावे लागले. 1979 च्या जूनमध्ये बोकारोत सीआयएसएफच्या, म्हणजे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या, जवानांविरुद्ध लष्कर उतरले, दोन्हीकडची माणसे मेली. 18 ऑगस्ट 1982 ला तर आपल्या मुंबईतच पोलीस शिपाई रस्त्यावर आले. ती माणसे देशाविरुद्ध नव्हती. घर, पगार, साहेबांच्या घरची कामे, मान, एवढ्याच त्यांच्या तक्रारी होत्या, आणि त्या ऐकायला कोणी नव्हते.

अधिकाऱ्यांबद्दल एकच सांगतो. 23 मे 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या दलांतल्या महानिरीक्षकापर्यंतच्या पदांवर बाहेरून येणाऱ्या आयपीएस अधिकाऱ्यांच्या प्रतिनियुक्त्या, म्हणजे उसन्या नेमणुका, दोन वर्षांत टप्प्याटप्प्याने कमी करायला सांगितले आहे. आयपीएसमध्ये उत्तम माणसे मी पाहिली. पण दलातलाच, असिस्टंट कमांडंट म्हणून बस्तरच्या चिखलात रात्री काढलेला माणूस वर जाऊन निर्णय घेतो, तेव्हा अ‍ॅडहॉक कंपनी म्हणजे काय हे त्याला समजावून सांगावे लागत नाही. त्या निकालाची अंमलबजावणी कुठवर आली, हे आपल्या दैनिकाने लावून धरावे.

आणि ठाणे, कल्याण, रायगड, मावळच्या खासदारांना माझी विनंती आहे, पनवेल मावळात येते म्हणून त्यांनाही धरले. पुढच्या अधिवेशनात तीन गोष्टी विचारा. निवडणुकीला पूर्ण कंपनी तिच्या स्वतःच्या कमांडरसह का पाठवत नाहीत? सुट्टीवरून आलेल्या जवानाशी बोलण्याची जबाबदारी नावानिशी कोणाची? आणि मोबाइलवरून पसरणाऱ्या द्वेषावर बरॅकमध्ये उघड चर्चा घडवण्याचे प्रशिक्षण हवालदार मेजर, सुभेदार मेजर यांना मिळते का? मोबाइल काढून घेणे हे त्याचे उत्तर नव्हे, घरचा आवाज त्याच मोबाइलवर येतो.

2024 पासून कॉन्स्टेबल भरतीची परीक्षा मराठीतूनही देता येते. आमच्या सेक्टरमधल्या मैदानावर पहाटे पाच वाजता पंधरा-वीस पोरे त्यासाठी धावतात, मीही काठी घेऊन तिथे असतो, स्टॉपवॉच माझ्याकडे. त्यांच्या आईबापांना मी सांगतो, पाठवा. पण पाठवल्यावर फोनवर फक्त ‘जेवलास का’ विचारू नका. शेजारच्या खाटेवर कोण आहे, तो कुठला, त्याच्या घरी कोण कोण, हेही विचारत जा.

आपला,
एक निवृत्त निरीक्षक,
कामोठे, नवी मुंबई