अँजिओग्राफीच्या चित्राची दिशा ओळखायला शिकवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

प्रशिक्षणाच्या काळात कॅथेटर, म्हणजे रक्तवाहिनीत सरकवायची बारीक नळी, कसा हाताळायचा हे शिकवणारे अनेक गुरू आम्हाला लाभले. परंतु पडद्यावरची हृदयाची रक्तवाहिनी कोणत्या बाजूने पाहिलेली आहे, हे चित्रावरूनच ओळखायला तुम्ही शिकवले. तुम्ही कॅथ लॅबच्या, म्हणजे अँजिओग्राफी होते त्या कक्षाच्या, तंत्रज्ञ होतात आणि आम्हा डॉक्टरांना शिकवणे हा तुमच्या कामाचा भाग नव्हता, म्हणून हे आभार जाहीरपणे मानावेसे वाटतात.

क्ष-किरणांचे चित्र टिपणारा डिटेक्टर रुग्णाच्या डावीकडे झुकला की एलएओ (डावा तिरका कोन), उजवीकडे झुकला की आरएओ (उजवा तिरका कोन), एवढे पाठ करून आम्ही आलेलोच होतो. तुम्ही मात्र चित्राच्या कोपऱ्यातले कोनाचे नाव आणि अंशांचे आकडे झाकून आधी पाठीचा कणा शोधायला लावत असत. हृदय पुढे आणि कणा मागे असल्यामुळे, पाहणारा, म्हणजे डिटेक्टर, रुग्णाच्या डाव्या बाजूला सरकला की कणा चित्रात उजवीकडे जातो, आणि उजव्या बाजूला सरकला की डावीकडे. श्वासपटलाची सावली हृदयावर चढलेली दिसली तर कोन बहुधा क्रेनियल, म्हणजे डोक्याकडे झुकलेला. एवढे ठरल्यावरच फांद्यांची नावे घ्यायची: एलएओ क्रेनियलमध्ये एलएडीच्या, म्हणजे हृदयाच्या पुढच्या बाजूने उतरणाऱ्या धमनीच्या, डायगोनल फांद्या उजवीकडे आणि सेप्टल फांद्या डावीकडे, तर आरएओ क्रेनियलमध्ये डायगोनल वर आणि सेप्टल खाली.

हा क्रम किती मोलाचा आहे, हे मला जिल्ह्याच्या गावी काम करू लागल्यावर उमगले. इथे रुग्ण दुसऱ्या मतासाठी अँजिओग्राफीची सीडी घेऊन येतात. अनेकदा तीही नसते, मॉनिटरवरून मोबाइलने काढलेला व्हिडिओ तेवढा असतो आणि कोपऱ्यातले आकडे त्यात आलेलेच नसतात. अशा वेळी कणाच सांगतो की आपण कुठे उभे आहोत. एकाच कोनातून घेतलेले चित्र असेल तर मी मत देत नाही, कारण क्ष-किरणांच्या रेषेत आलेली वाहिनी आखूड दिसते आणि तिच्यातला अरुंद भाग झाकला जाऊ शकतो. लेफ्ट मेनच्या, म्हणजे डाव्या मुख्य धमनीच्या, बाबतीत तर हा धोका पत्करताच येत नाही. तिच्या टोकाचे फाटे एलएओ कॉडलमध्ये (पायांकडे झुकलेल्या कोनात), म्हणजे आपल्या स्पायडर व्ह्यूमध्ये, मोकळे दिसले का, हे मी आवर्जून पाहते.

हृदय उजव्या बाजूला असलेल्या एका रुग्णाची सीडी आली, तेव्हा तुमची शिकवण विशेष उपयोगी पडली. कोपऱ्यात आरएओ लिहिलेले होते आणि कणा मात्र उजवीकडे दिसत होता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतील तर चित्र आडवे उलटवलेले असलेच पाहिजे. अशा हृदयासाठी कोन आरशातल्यासारखा घेऊन, मग चित्र उलटवून नेहमीसारखे दिसेल असे करण्याची पद्धत आहेच. चित्रण करणाऱ्याने तेच केले होते आणि ते योग्यच होते. मात्र ही गोष्ट अहवालात नोंदवलेली नव्हती. केवळ आकडे वाचले असते, तर या विसंगतीचा अर्थ मला लागला नसता.

आता माझ्याकडे शिकायला येणाऱ्या तंत्रज्ञांनाही मी आकडे झाकूनच चित्र दाखवते. तुम्ही हाताने काढलेल्या आकृत्यांची वही अजून जपून ठेवली असेल, तर तिची प्रत मला पाठवावी, ही विनंती. मी ती त्यांच्यासाठी मराठीत नीट मांडून देईन आणि तिच्यावर तुमचे नाव असेल.

आपली कृतज्ञ विद्यार्थिनी