दृष्टिहीन ग्राहकाशी दुकानाने बोलावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वयाच्या चाळिशीपर्यंत मला उत्तम दिसत होते आणि गेली अकरा वर्षे मी पूर्णपणे दृष्टिहीन आहे. त्यामुळे डोळ्यांनी केलेला बाजार आणि डोळ्यांवाचून केलेला बाजार, असे दोन्ही मी अनुभवले आहेत. पूर्वी नाशिकच्या रविवार कारंजा किंवा मेन रोडवरच्या किराणा दुकानात आपण फळीबाहेर उभे राहून यादी सांगत असू. दुकानदार जिन्नस काढून देई, भाव बोलून दाखवी आणि तूरडाळ नवी आली आहे की जुनी, हेही न विचारता सांगे. शोधण्याचे आणि वाचण्याचे काम त्याच्याकडे असे. कॉलेज रोडपासून सिडकोपर्यंत झालेल्या मोठ्या दुकानांत हे काम ग्राहकावर आले. ज्याला ते करता येत नाही, त्याने काय करावे याचा विचार मात्र ती उभारताना झालेला दिसत नाही.

गेल्या महिन्यात अशाच एका दुकानात मी भाचीबरोबर गेले होते. हातात पांढरी काठी होती, यादी माझी होती, पैसेही माझेच होते, तरी तिथल्या मुलाने भाचीलाच विचारले, "काकूंना काय हवंय?" बेसन आणि मैद्याची पाकिटे मी हातात घेऊन पाहिली. दोन्हींचे वजन सारखे, कागदही सारखाच गुळगुळीत. बिलाच्या वेळी कार्डाचे यंत्र समोर आले ते नुसत्या काचेच्या पडद्याचे, बोटाला लागेल असे एकही बटण त्यावर नव्हते. "काकू, पिन सांगा, मी टाकतो," असे तो मुलगा म्हणाला. त्याचा हेतू मदतीचा होता याबद्दल मला शंका नाही, पण मागे रांग उभी असताना पिन मोठ्याने कसा सांगणार? मी पर्समधून पाचशेच्या नोटा काढल्या, कडेच्या पाच तिरप्या उठावदार रेषा अंगठ्याने तपासल्या आणि रोख पैसे दिले. बोटांना ओळखू येणाऱ्या चलनी नोटा आपल्याच नाशिक रोडच्या प्रेसमध्ये छापल्या जातात. नोट मला ओळखता यावी याची काळजी घेतली गेली, मात्र ती देऊन जे घ्यायचे ते ओळखण्याची सोय त्या दुकानात नव्हती, याचे मला फार वाईट वाटले.

मोबाइल आहे की, असे अनेक जण सुचवतात. कॅमेऱ्याने मजकूर वाचून दाखवणारी अ‍ॅप मी रोज वापरते आणि त्यांचे ऋण मानते. पण बाटलीच्या गोलाईवरचा किंवा पाकिटाच्या दुमडलेल्या कडेवर फिकट ठिपक्यांनी छापलेला वापराच्या मुदतीचा मजकूर त्यांना बहुधा वाचता येत नाही, आणि मुदत संपलेली वस्तू घरी आल्यावर कळून उपयोग काय? अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२३ मध्ये खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर दृष्टिहीनांना उपयोगी पडेल असा क्यूआर कोड छापण्याची सूचना केली. ती केवळ सूचना आहे, सक्ती नाही.

कायदा मात्र स्पष्ट आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४६ नुसार सरकारीच नव्हे, तर खासगी सेवा देणाऱ्यांनीही सुगम्यतेच्या नियमांप्रमाणे सेवा द्यायची आहे. हे नियम शिफारशीपुरते राहता कामा नयेत, ते बंधनकारक असले पाहिजेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला. अशा बंधनकारक नियमांची वाट न पाहता दुकानदारांना आजच करता येईल असे पुष्कळ आहे, आणि त्याला खर्चही फारसा नाही.

दाराशी उभ्या असलेल्या रखवालदाराने किंवा एखाद्या ठरलेल्या कर्मचाऱ्याने आपण होऊन बोलावे आणि सोबत यावे. दंड धरून पुढे ढकलू नये. आपला कोपर आम्हाला धरू द्यावा. वस्तू हातात देताना नाव, वजन, छापील किंमत आणि मुदत सांगावी, आणि बाजूला जाताना "मी जातोय" एवढे तरी म्हणावे, कारण निघून गेलेल्या माणसाशी बोलत राहण्याची वेळ आमच्यावर वारंवार येते. बिल करताना प्रत्येक वस्तूची रक्कम उच्चारावी. बटणांचे एक तरी कार्डयंत्र गल्ल्यावर ठेवावे. रॅकांमधल्या वाटेत खोकी रचू नयेत. त्यांच्यावर आपटून मी दोनदा पडले आहे.

शहरातल्या व्यापारी संघटनांनी आपल्या सभासदांपुढे हा विषय मांडावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. सातपूरला नॅबचे, म्हणजे 'नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड' या दृष्टिहीनांसाठी काम करणाऱ्या संस्थेचे कार्यालय आहे, तिथे यातले जाणकार भेटू शकतील. शिवाय ज्या दुकानाला कर्मचाऱ्यांसाठी तासभर प्रात्यक्षिक हवे असेल, तिथे मी स्वतः विनामोबदला येईन. माझा दूरध्वनी क्रमांक आपल्या कार्यालयाकडे स्वतंत्रपणे कळवला आहे.

आपली नम्र,
एक दृष्टिहीन वाचक,
इंदिरानगर, नाशिक