सैनिकाची बदली होते, नर्सिंगच्या जागेची होत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीचे निकाल लागले की नर्सिंगच्या प्रवेशांची धावपळ सुरू होते. आमच्या सातारा जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या सैन्यात माणसे पाठवणारी गावे आहेत, त्यामुळे या धावपळीत सैनिकांच्या मुली असतात तशा सुनाही असतात. या कुटुंबांना पुढे जी अडचण येते तिचा विचार प्रवेश घेताना सहसा कोणी करत नाही. आम्हीही केला नव्हता, म्हणून हे पत्र.

मी सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालो आणि माझा मुलगाही सैन्यात आहे. त्याची नेमणूक बेळगावला होती, फॅमिली क्वार्टर मिळाले होते आणि सून बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण होती, म्हणून 2022 मध्ये तिने तेथील एका खासगी महाविद्यालयात बी.एस्सी. नर्सिंगला प्रवेश घेतला. अभ्यासक्रम चार वर्षांचा आणि पीस स्टेशनवरचा (कुटुंब सोबत ठेवता येते अशा ठाण्यावरचा) मुक्काम साधारण दोन-तीन वर्षांचा, हे साधे गणित आयुष्यभर बदलीच्या हुकमावर बिऱ्हाड हलवलेल्या माझ्याही डोक्यात आले नाही. तिसरे सत्र संपता संपता मुलाला जोधपूरची पोस्टिंग आली. (नर्सिंगच्या मुली वॉर्डातल्या कामालाही पोस्टिंगच म्हणतात, त्या आठवड्यात घरात कोणाची कोणती पोस्टिंग, याचाच गोंधळ होता.) महाविद्यालयाने सांगितले की शिक्षण मध्येच दुसऱ्या राज्यात नेता येणार नाही, आणि प्रवेश रद्द करायचा असेल तर उरलेल्या वर्षांचे शुल्क भरल्याशिवाय मूळ कागदपत्रे मिळणार नाहीत. क्वार्टर सोडावे लागले. सून वसतिगृहात गेली, चार वर्षांचा नातू आमच्याकडे आला आणि मुलगा जोधपूरला एकटाच रुजू झाला. एका घराच्या तीन चुली झाल्या.

रजा जुळवून भेटीगाठी होतील, असे वाटले होते. जवानाला वर्षाला 60 दिवसांची वार्षिक रजा असते, पण ती केव्हा मिळेल हे युनिट ठरवते. इकडे परीक्षेला बसण्यासाठी 80 टक्के हजेरी लागते आणि पदवी मिळण्यापूर्वी प्रात्यक्षिकाची हजेरी पूर्ण 100 टक्के भरावी लागते. रुग्णसेवेच्या शिक्षणात ही अट हवीच, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. एका राज्यातील शिक्षणाची दुसऱ्या राज्याला खात्री कशी पटावी, हा प्रश्न पूर्वी रास्त होता. परंतु भारतीय परिचर्या परिषदेने (इंडियन नर्सिंग कौन्सिलने) बी.एस्सी. नर्सिंगचा सुधारित अभ्यासक्रम 2021-22 पासून देशभर लागू केला असून त्यात आठ सत्रे, प्रत्येक सत्राचे विषय, त्यांचे क्रेडिट (तासांवरून मोजलेले श्रेयांक) आणि प्रात्यक्षिकाचे तास ठरवून दिलेले आहेत. कर्नाटकात परीक्षा बेंगळुरूचे राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेते, महाराष्ट्रात नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेते. शिकवायचे मात्र दोघांनाही तेच आहे. असे असताना बेळगावात पूर्ण केलेली तीन सत्रे शंभर-सव्वाशे किलोमीटरवरच्या कोल्हापुरातसुद्धा उपयोगी पडू नयेत, तर मग क्रेडिट मोजायचे कशासाठी? दुसऱ्या राज्याची प्रवेश परीक्षा दिलेली नाही, हा आक्षेपही मला टिकणारा वाटत नाही, कारण आपल्या राज्याच्या रीतसर प्रक्रियेतून प्रवेश घेऊन विद्यापीठाच्या परीक्षा उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थिनीने आपली पात्रता सिद्ध केलेलीच असते.

सैन्याच्या स्वतःच्या सोयी आहेत, पण त्या या प्रसंगी उपयोगाच्या नाहीत. पुण्याच्या एएफएमसीसह (सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयासह) लष्करी रुग्णालयांशी जोडलेल्या नर्सिंग महाविद्यालयांत सैनिकाच्या पत्नीला प्रवेश नाही, कारण तेथे विवाहित स्त्रीला घेत नाहीत. आर्मी वेल्फेअर एज्युकेशन सोसायटीची जालंधर आणि गुवाहाटी येथे नर्सिंग महाविद्यालये आहेत, ती प्रामुख्याने सैनिकांच्या पाल्यांसाठी. आपल्या राज्यातील व्यावसायिक प्रवेशांत संरक्षण दलांसाठी ज्या जागा राखीव असतात, तिथेही शब्द ‘पाल्य’ हाच आहे. बदलीची झळ सर्वांत आधी पत्नीच्या शिक्षणाला लागते, आणि नेमका तिचाच विचार या सोयींत नाही.

नियम बदलेपर्यंत, ज्यांच्या घरी यंदा हा निर्णय व्हायचा आहे त्यांना आमच्या ठेचेवरून एवढेच सांगतो की नवऱ्याची नेमणूक आज कुठे आहे ते पाहून महाविद्यालय निवडू नका. चार वर्षे मुलाबाळांसह कोणाच्या आधाराने काढता येतील ते गाव आधी ठरवा. बहुधा ते माहेर किंवा सासर असेल. ते शक्य नसेल तर तीन वर्षांचे जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी ही पदविका) आणि त्यानंतर दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बी.एस्सी. हा मार्ग विचारात घ्यावा. एकूण एक वर्ष जास्त जाते, पण शिक्षणाचे दोन पूर्ण तुकडे होतात आणि पहिला पुरा झाल्यावर बदली आली तरी हाती परिचारिका म्हणून नोंदणीयोग्य पात्रता असते. शिवाय कला शाखेतून बारावी झालेल्या मुलींनाही जीएनएमचे दार उघडे आहे. महाविद्यालयाचे नाव भारतीय परिचर्या परिषदेच्या यादीत आहे का, हे पैसे भरण्यापूर्वी तपासावे, कारण पुढे दुसऱ्या राज्यात नोंदणी करताना हाच प्रश्न पहिला येतो. आणि प्रवेश रद्द केल्यास शुल्काचे व मूळ कागदपत्रांचे काय, ते लेखी घ्यावे. आम्ही तोंडी विचारले होते.

अमेरिकेतही परिचारिकेचा परवाना राज्यागणिक असतो. तेथे अनेक राज्यांनी आपसांत करार करून परवाना सामाईक केला, आणि जानेवारी 2023 मध्ये झालेल्या संघराज्याच्या कायद्याने, बदलीमुळे राज्य सोडावे लागणाऱ्या सैनिकाच्या जोडीदाराचा व्यावसायिक परवाना नव्या राज्यातही ग्राह्य ठरवण्याची तरतूद केली. ती सवलत परवान्यापुरती आहे, शिक्षणाची नाही, हे खरे. तरी सैनिकाच्या बदलीचा भार एकट्या कुटुंबाने सोसू नये, एवढे तेथील कायद्याने मानले. आपल्याकडे 1947 च्या परिचर्या परिषद कायद्याच्या जागी आणण्यासाठी राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोग कायदा 2023 मध्ये संमत झाला आहे. त्याखालील नियमांत, सेवेतील सैनिकाच्या पत्नीला किंवा मुलीला बदलीचा आदेश दाखवून सत्राच्या शेवटी, नव्या ठिकाणी रिक्त असलेल्या जागेवर, मिळवलेल्या क्रेडिटसह प्रवेश घेता येईल अशी तरतूद व्हावी, आणि त्यासाठी आपल्या खासदारांनी तसेच राज्याच्या सैनिक कल्याण विभागाने आयोगाकडे पाठपुरावा करावा, अशी विनंती आहे.

सुनेचे शेवटचे वर्ष सुरू आहे. उत्तीर्ण झाल्यावर तिची पहिली नोंदणी कर्नाटकात होईल, आणि मग मुलगा ज्या राज्यात असेल तेथील राज्य परिचर्या परिषदेकडे ना-हरकत दाखल्यासह पुन्हा अर्ज करावा लागेल. ते राज्य कोणते, हे आज त्यालाही ठाऊक नाही.

आपला विश्वासू,
एक निवृत्त सुभेदार,
जि. सातारा