लिबेरो झालेल्या लेकीस

चोपडा, रविवार

चि. जागृतीस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर "आई, मला लिबेरो केलं" एवढंच म्हणालीस आणि मेसची वेळ झाली म्हणून फोन ठेवलास. विद्यापीठाच्या व्हॉलीबॉल संघात निवड झालेली पोरगी असं बोलते होय? फोनवर हा विषय संपायचा नाही, म्हणून लिहायला बसले.

कॉलेजच्या संघात तू स्मॅश मारायचीस, टाळ्या पडायच्या. आता लिबेरो म्हणजे फक्त मागे राहून बॉल उचलायचे. जर्सी वेगळ्या रंगाची, सर्व्हिस नाही, ब्लॉक नाही, नेटच्या वरचा बॉल मारायचा नाही. तुझी ती मैत्रीण "बुटक्यांचा कोटा" म्हणाली म्हणे. तिला सांग, "हा कोटा नव्हता त्या काळात माझी आई खेळलेली आहे."

आपलं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० ला सुरू झालं. त्याआधी जळगाव-धुळ्याची कॉलेजं पुणे विद्यापीठात होती. खानदेशातल्या मुलीला विद्यापीठाकडून खेळायचं तर पुणे, नगर, नाशिक सगळ्यांना मागे टाकावं लागायचं. वेगळं विद्यापीठ झालं आणि रावेर, शहादा, साक्रीच्या पोरींना एकदम एक अख्खा संघ मोकळा झाला. मी त्या सुरुवातीच्या वर्षांतली. गावात शूटिंग व्हॉलीबॉल पोरं खेळायची, आम्ही लांबून बघायचो. कॉलेजात आल्यावर काळ्या मातीच्या मैदानावर, ओढणी कमरेला बांधून शिकलो. तुझी आजी म्हणायची, "पोर बॉल खेळस, मंग भाकर कोन करी?" भाकर मीच करायचे, सकाळी उठून.

तर उंचीचं. खेळात सहाही जणी फिरणार, म्हणजे मागे कितीही बॉल उचलले तरी आपली पाळी पुढे यायचीच. महिलांचं नेट २.२४ मीटर. माझा हात त्याच्या वर जेमतेम बोटभर. समोरच्या संघाला ते पहिल्या पाच मिनिटांत कळायचं आणि मग सगळे स्मॅश माझ्याच अंगावर. विद्यापीठातल्या एका विभागाच्या संघात मी आले, पूर्ण विद्यापीठाच्या नाही. निवड समितीचं काही चुकलं नव्हतं. त्यांच्या जागी मी असते तरी मला घेतलं नसतं.

लिबेरोचा नियम १९९८ मध्ये आला. त्याच सुमारास गुणांची पद्धतही बदलली. आमच्या वेळी सेट १५ चा आणि गुण फक्त आपली सर्व्हिस असेल तेव्हाच. रिसीव्ह चुकली तर गुण जायचा, पण समोरच्यांची सर्व्हिस मोडली तरी आपल्या खात्यात काही पडायचं नाही, नुसती सर्व्हिस बदलायची. एकेक सेट रटाळ लांबायचा, बघणारे उठून चहाला जायचे. आता २५ चा सेट आणि प्रत्येक रॅलीला गुण. शिवाय नेटला चाटून आलेली सर्व्हिसही चालते, आमच्या वेळी ती फाउल होती. म्हणजे पहिला बॉल उचलणाऱ्या हाताची किंमत वाढली की कमी झाली, तूच हिशेब कर. स्मॅशसाठी बॉल चढवून देणाऱ्या लिफ्टरकडे तो नीट गेलाच नाही तर तुमची ती उंच स्मॅशर काय हवेत मारणार?

१९६४ मध्ये टोकियोला व्हॉलीबॉल पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आला आणि महिलांचं सुवर्ण जपानने नेलं, सोव्हिएत संघाला ३-० हरवून. त्या संघातल्या बहुतेक जणी काइझुकाच्या एका सूतगिरणीत नोकरी करणाऱ्या. आपल्या अमळनेरला प्रताप मिल होती, तिथल्या पोरींनी ऑलिंपिक जिंकावं तसं झालं ते! त्यांचे प्रशिक्षक हिरोबुमी दाइमात्सु. बॉलवर झेप घ्यायची, जमिनीवर लोळण घेऊन त्याच झटक्यात उभं राहायचं, हे त्यांनी पोरींकडून इतकं घोटून घेतलं की आज तुझे सर तुला तेच शिकवतात. दाइमात्सुंचा सराव फार निर्दयी होता, तो मला पटत नाही. पण बॉल खाली पडू न देणं हेही शस्त्र आहे, हे त्यांच्या संघाने सगळ्यांना दाखवलं.

आता पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला जाशील. गुजरात, राजस्थानचे संघ असतील, आपल्याच राज्यातली मोठी विद्यापीठं असतील. पहिले चार संघ अखिल भारतीय स्पर्धेला जातात आणि खरी परीक्षा तिथे, कारण केरळ-तमिळनाडूच्या पोरी तिथे भेटतात. तिकडे व्हॉलीबॉल गावागावात मुरलेला आहे. व्हॉलीबॉलपटू के. सी. एलम्माला १९७५ चा अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा आपल्याकडे मुलींनी मैदानावर उतरायचं की नाही यावरच चर्चा चालू होती. म्हणून "आपलं विद्यापीठ कुठे टिकणार" हे रडगाणं मला ऐकवू नकोस. आपली सुरुवातच उशिराची आहे.

आणि जर्सी. २०१८ पासून विद्यापीठाला बहिणाबाई चौधरींचं नाव आहे. आसोद्याच्या, शाळेत न गेलेल्या बाई, आणि पोरी त्यांचं नाव अंगावर घालून परराज्यात खेळायला जातात, हे मला फार आवडतं. नाव एवढं लांब आहे की नंबर कुठे छापतात कोण जाणे.

पप्पा कापसाच्या वेचणीत अडकलेत, नाहीतर तेच जळगावला आले असते. मामा बुधवारी येतोय. त्याच्याकडे नवे नी-कॅप आणि कळण्याचं पीठ देते, रूमवर भाकरी करता येत नसेल तर शेजारच्या काकूंना दे. जुने नी-कॅप फेकून दे, त्यांचा स्पंज गेलाय.

एक मात्र लगेच कळव. सर तुला डिफेन्सला पाच नंबरवर, मागे डाव्या बाजूला, उभं करतात की सहावर, मागे मधोमध? पाचवर असशील तर रेषेकडच्या स्मॅशसाठी डावा पाय किती बाहेर ठेवायचा ते मी तुला दिवाळीला दाखवलं होतं, ते आणि सर सांगतात ते जुळतं का बघ. जुळत नसेल तर सरांचं ऐक.

तुझी आई