झाड कमजोर म्हणून मर लागते?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या शेतीच्या पानावर गेल्या आठवड्यात हरभऱ्याच्या मर रोगावर सल्ला आला होता. त्यातलं ‘झाडाची ताकद वाढवा, रोग आपोआप पळेल’ हे वाक्य वाचून मला गेला हिवाळा आठवला. कळमेश्वर तालुक्यात आमचं थोडं शेत आहे. हरभरा फुलावर असताना झाडं माना टाकू लागली. धाकटे दीर म्हणाले, “वहिनी, दुकानदार म्हने झाडाले ताकद नाही, म्हून मर लागली.” तोवर टॉनिकच्या दोन बाटल्या फवारूनही झाल्या होत्या. मी एक झाड उपटलं, मूळ उभं चिरलं आणि आतली काळपट रेघ त्यांना दाखवली. पाणी चढायची वाटच बुजली होती. पानांवर मारलेलं टॉनिक तिथे काय करणार?

मी जन्मभर अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवलं. त्यामुळे ‘कमजोर झाड’ हा शब्द मला खटकतो. मर आणणारी बुरशी झाडाच्या कमजोरीवर जगते असं नाही. अनेकदा ती झाडाच्या वाढीच्या यंत्रणेतूनच आत शिरते.

प्रात्यक्षिकात आम्ही सदाफुलीचे परागकण साखरेच्या पाण्यात टाकून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचो. थोड्या वेळात परागनलिका टोकाकडून लांबत जाताना दिसायची आणि मागच्या बाकावरची मुलंही पुढे यायची. बुरशीचा तंतू असाच टोकाकडून वाढतो. फुलात या नलिकेचं स्वागत करणाऱ्या पेशींच्या पृष्ठभागावर ‘फेरोनिया’ नावाचं प्रथिन असतं. हे नाव इटलीतल्या एका प्राचीन सुफलतेच्या देवीचं. हे प्रथिन बाहेरचा निरोप घेऊन पेशीच्या आत पोचवतं. मुळांवरचे केस नीट वाढायलाही तेच लागतं. २०१० साली दिसलं, की अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या, मोहरीच्या कुळातल्या ज्या रोपात फेरोनिया बिघडलेलं आहे, त्याच्यावर भुरी, म्हणजे पानांवर पांढरी पूड आणणारी बुरशी, नीट बसत नाही. म्हणजे परागनलिका आणि बुरशी, दोघींच्या वाटेवर दरवाजा एकच!

मर रोगाच्या घराण्यातल्या बुरशीची लबाडी तर त्याहून पुढची. मुळाची वाढ आवरायला झाड ‘राल्फ’ नावाचं छोटं प्रथिन सोडतं. ते फेरोनियाला चिकटतं आणि पेशीभोवतीची आम्लता कमी होते. टोमॅटोला मर आणणारी फ्युजारियम बुरशी या राल्फची नक्कल स्वतःच तयार करते, हे २०१६ मध्ये सिद्ध झालं. खोट्या निरोपाने मुळाभोवतीची आम्लता घटते, म्हणजे सामू (पीएच) चढतो, आणि तिचं काम सोपं होतं. नक्कल करणारं जनुक काढून टाकलं तेव्हा तीच बुरशी टोमॅटोपुढे लंगडी पडली. आता यात झाडाची ताकद कुठे कमी होती? त्याला आपल्याच घरचा आवाज ऐकू आला, इतकंच.

मग तो दरवाजाच काढून टाका, असं माझा भाचा म्हणतो. २०२५च्या मे महिन्यात आपल्याकडे जनुक-संपादित भाताच्या दोन वाणांची घोषणा झाल्यापासून तो उत्साहात आहे. पण फेरोनिया काढलेलं रोप खुजं राहतं, बी कमी धरतं. बार्लीत ‘रॅकबी’ नावाचं प्रथिन कमी केलं तर भुरीला पेशीत आपलं शोषक अंग घुसवणं जड जातं, पण मुळांचे केसही वाढत नाहीत. मात्र प्रत्येक वेळी सौदा इतका महाग पडत नाही. बार्लीतलं ‘एमएलओ’ हे प्रथिन १९४२ साली जर्मनीत क्ष-किरणांनी बिघडवलं गेलं. पुढे हे प्रथिन निकामी असलेल्या भुरीरोधक वाणांच्या पानांवर ठिपके पडत, उत्पन्नही घटे. तरी पैदासकारांनी चिकाटीने ते दोष कमी केले आणि युरोपात ती बार्ली आजही पिकते. वाटाण्याच्या बहुतेक भुरीरोधक वाणांतही नेमकं हेच प्रथिन निकामी आहे. आपण बाजारातून शेंगा घेताना हे कोणाच्या मनात येतं?

(जाता जाता: संत्र्याच्या डिंक्या रोगाला आपण ‘बुरशी’ म्हणता. तो आणणारी फायटोफ्थोरा खरी बुरशी नाही, शेवाळांच्या जवळची आहे. संत्र्याच्या गावच्या वर्तमानपत्राने तरी हे नीट छापावं.)

माझी तक्रार टॉनिक विकणाऱ्यांपेक्षा आपल्यावर जास्त आहे, कारण दुकानदाराला आपलं कात्रण काउंटरवर लावता येतं. नत्र देऊन झाड लुसलुशीत केलं की भुरीला उलट आयतं फावतं. मरची बुरशी पाच-सहा वर्षं जमिनीत टिकते. त्या सल्ल्यात पिकांची फेरपालट नव्हती, ट्रायकोडर्मा या उपकारक बुरशीची बीजप्रक्रिया नव्हती, आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचं हरभऱ्याचं मर-प्रतिकारक वाण ‘जाकी ९२१८’ कुठेच नव्हतं. एवढ्या तीन ओळी पुढच्या आठवड्यात त्याच जागी छापाल का? भाऊजींनी यंदा त्या तुकड्यात गहू पेरलाय. हरभरा पलीकडच्या वावरात आहे आणि कात्रणासाठी त्यांनी कपाटाच्या दारावर जागा ठेवली आहे.

आपली,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका, नागपूर